गुडघे टेकलेल्या मुलांकडे बघा

...तर माझी जुनी तक्रार आधी मांडतो. इंग्लंडच्या खेड्यातल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये गेलात की तिथला माहितगार तुम्हाला ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या (१४८५ ते १६०३) थडग्यापाशी नेतो. वर चिलखत घालून आडवा पडलेला सरदार, शेजारी त्याची बायको. नाव, साल, पदवी सांगून झाली की चला पुढे! मी म्हणतो, थांबा. जरा वाका. चौथऱ्याच्या कडेला मुलं कोरलेली आहेत, गुडघे टेकून, हात जोडून. बहुतेक ठिकाणी मुलगे बापाकडे, मुली आईकडे. एखाद्याच्या हातात कवटी दिसली तर समजायचं, हे मूल आईबापांच्या आधी गेलं. दुपट्यात घट्ट गुंडाळलेली तान्ही बाळंसुद्धा असतात.

सफकमधलं फ्रॅमलिंगहॅम घ्या. तिथल्या चर्चमध्ये सरेचा अर्ल, म्हणजे सरदार, हेन्री हॉवर्ड याचं थडगं आहे. इंग्रजीत सुनीत आणणाऱ्या दोघांपैकी हा एक. आपल्याकडे केशवसुतांपासून जे सुनीत रुळलं त्याचे हे दूरचे पूर्वज, पण तो विषय वेगळा. एडवर्ड द कन्फेसर या जुन्या राजाचं चिन्ह याने आपल्या ढालीवर घेतलं. आठव्या हेन्रीने त्याला राजद्रोह ठरवलं आणि १९ जानेवारी १५४७ रोजी त्याचं डोकं उडवलं. बाप, नॉरफोकचा ड्यूक, तोही तुरुंगात मरणाची वाट बघत होता. २८ जानेवारीला राजाच गेला आणि म्हातारा वाचला! त्याचंही थडगं याच चर्चमध्ये आहे.

सरेचा धाकटा मुलगा तेव्हा सात वर्षांचाही नव्हता. बापाला लंडनमध्येच कुठेतरी पुरलं होतं. या मुलाने १६१४ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते अवशेष फ्रॅमलिंगहॅमला आणले आणि अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाचं रंगवलेलं थडगं उभारलं. ट्यूडर घराणं तोवर संपलं होतं, घडण मात्र त्याच परंपरेतली. अर्लचा मुकुट डोक्यावर नाही, बाजूला ठेवलाय, कारण त्याचा शिरच्छेद झाला होता. एका टोकाला दोन मुलगे, दुसऱ्या टोकाला तीन मुली. त्या दोघांतला थोरला, तोही १५७२ मध्ये राजद्रोहासाठीच मारला गेला. आणि धाकटा, ज्याने हे सगळं करवून घेतलं, तो थडगं उभारलं त्याच वर्षी, १६१४ मध्ये, वारला. सत्तर वर्षांच्या आसपासचं ओझं! मला तिथून पाय काढवत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, जो मुद्दा सांगायला आलो तो आता भरभर.

सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेआधी थडग्याला काम होतं. मेलेल्याचा आत्मा शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी पापं धुतली जातात त्या जागी आहे, येणाऱ्याजाणाऱ्याने त्याच्यासाठी प्रार्थना करावी, ही विनंती त्यावर कोरलेली असे. कडेला देवदूत, संत, कधी मुलंही. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी प्रार्थना चालाव्यात म्हणून देणग्या देऊन उभारलेली प्रार्थनाघरं बंद झाली, संत तर गेलेच. मठ त्याआधीच मोडले होते. हॉवर्डांची जुनी थडगी थेटफर्डच्या मठातून हलली ती त्यामुळेच. लोक थडगीही फोडू लागले, तेव्हा १५६० मध्ये एलिझाबेथ राणीला फर्मान काढावं लागलं की ही स्मारकं आठवणीसाठी आहेत, अंधश्रद्धेसाठी नव्हेत, त्यांना हात लावू नका.

रिकामी झालेली ती जागा कुटुंबाने भरली. लंडनच्या साउथवर्कमध्ये नेदरलँड्समधून आलेल्या कारागिरांच्या कार्यशाळा होत्या. त्यांतल्या गेरार्ट जॉन्सनने रटलंडच्या दोन अर्लांची थडगी घडवली, ती १५९१ मध्ये लेस्टरशरमधल्या बॉट्सफर्डला बसवली.

कुणी म्हणेल, हा सगळा जमीनजुमल्याचा आणि वंशाचा तोरा. ढाली, सोयरिकी, वारस, ते आहेच, नाकारत नाही. पण मग दुपट्यातली ती बाळं कशाला कोरली? त्यांनी ना जमीन आणली, ना सोयरीक. तरी कारागिराला पैसे मोजून त्यांना रांगेत बसवलं, कारण आईबापांच्या मोजणीत ती होती. प्रश्न असतील तर आता विचारा.