पापुद्र्याच्या गावात पिटा

नमस्कार श्रोतेहो,

ज्वारीची भाकरी तव्यावरून जाळावर सरकवली की टम्म फुगते, आणि ताटात आली की पापुद्रा उचलून आपण आत ठेचा भरतो. मिरज, तासगाव, जत, कुठेही जा, हा उद्योग सगळेच करतात. त्यामुळे लेबनॉन, सीरियाकडची पिटा ही पोकळ रोटी सांगलीच्या स्वयंपाकघराला परकी वाटायचं कारण नाही. आज तीच करू, आत मसालेदार चिकन भरून.

आधी पीठ. २५० ग्रॅम मैदा घ्या. निम्मी कणीक घातली तरी चालते, मला तर तीच चव जास्त आवडते. चहाचा एक चमचा कोरडं यीस्ट, तेवढीच साखर, पाऊण चमचा मीठ, थोडं तेल. पाणी १५० ते १७५ मिलिलीटर आणि कोमटच, कढत पाण्यात यीस्ट मरतं. पीठ हाताला चिकटलं म्हणून वरून मैदा लोटत बसू नका, दहा मिनिटं तिंबत राहा, चिकटपणा बराचसा जातो. मग झाकून ठेवा. एप्रिलच्या उकाड्यात ते तासाभरात दुप्पट होतं, थंडीत वेळ लागतो.

आता त्या पोकळीचं. पुष्कळांना वाटतं, ती यीस्ट करतं. यीस्टनं पीठ हलकं होतं, पण पिटाचा खिसा उघडते ती वाफ. आच कडक असली की वरची-खालची बाजू झटकन धरते, मधल्या पाण्याची वाफ होते आणि दोन्ही बाजू अलग करते. म्हणून पीठ सैल हवं आणि आच बेताची नको. सहा उंडे करा, अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, सगळीकडे सारखं. घडी पडली किंवा चीर गेली की वाफ तिथून निसटते. लाटलेल्या पिटा दहा मिनिटं फडक्याखाली ठेवा. ओव्हन असेल तर आतल्या ट्रेसकट २५० अंशांवर चांगला तापवा, चार-पाच मिनिटांत काम होतं. नसेल तर बिडाचा तवा. एका बाजूला बुडबुडे आले की उलटा, दुसरी बाजू जरा जास्त भाजा, पुन्हा उलटून फडक्यानं कडेकडेनं दाबा. भाकरी करणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही. उतरवली की लगेच फडक्यात गुंडाळा, म्हणजे मऊ राहते.

चिकन अर्धा किलो, बोनलेस, पण मांडीचं मागा. छातीचं मांस कोरडं पडतं. तीन-चार चमचे घट्ट दही, अर्धं लिंबू, ठेचलेला लसूण, मीठ, जिरं-धण्याची पूड, मिरी, चिमूटभर दालचिनी आणि दोन चमचे तेल. मसाल्यांचा बराचसा वास तेलात उतरतो, तेव्हा तेलाला कंजुषी नको. हळद आपलीच, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची. आणि कांदा-लसूण मसाला, दीड चमचाच! हात सैल सोडलात तर दालचिनी, लिंबू कुठल्या कुठे जातील आणि उरेल तो आपला रोजचा रस्सा. तीन-चार तास फ्रिजमध्ये मुरू द्या. मग पसरट तव्यावर मोठ्या आचेवर, थोडं थोडं परता. सगळं एकदम ओतलं की पाणी सुटतं आणि चिकन भाजायच्या ऐवजी शिजत बसतं. नीट शिजल्यावर बारीक चिरा.

संध्याकाळी शॉरमाच्या गाड्यांवर मेयोनीजचा मारा असतो, घरी तो टाळाच. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षभराची बंदी घातली, ती विषबाधेच्या तक्रारींमुळे. आपल्या डब्यात पांढरे तीळ असतातच. हलके भाजून, थोडं तेल घालून मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटा, झाली ताहिनी. त्यात लिंबू पिळलं की ती एकदम घट्ट होते. घाबरू नका, चमचा चमचा थंड पाणी घालून फेटा, पांढरीशुभ्र, सैलसर होते. लसणाची एक पाकळी, मीठ, बस्स.

पिटाची कड कापून खिसा उघडा. आधी ताहिनी, मग चिकन, कांदा, काकडी, कोबी. टोमॅटो घालायचा तर बिया काढून, नाहीतर तळ भिजून फाटतो. तिकडे सलगमचं लोणचं घालतात. आपण मुळ्याच्या काड्या मीठ-व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवाव्यात, काम भागतं. ज्या घरात गुरुवारी-शनिवारी मांसाहार नसतो, तिथे हाच मसाला उकडलेल्या काबुली चण्यांना लावा.

एखादी पिटा फुगणार नाही, सहातली एक तरी हट्टी निघतेच. ती दुसऱ्या दिवशी तुकडे करून तेलावर कुरकुरीत परता आणि काकडी, टोमॅटो, कांदा, पुदिना, लिंबू यांत आयत्या वेळी मिसळा. लेबनॉनमध्ये याला फत्तूश म्हणतात, आणि त्यासाठी मुद्दाम शिळी पिटा राखून ठेवतात.

नमस्कार.