गाणं लागलं की उठू नका

मंडळी, या व्याख्यानमालेत परवा स्पर्धा परीक्षा झाल्या, काल मधुमेह झाला आणि आज कार्टून सिनेमा. मी विषय सांगितला तेव्हा संयोजकांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. मी शाळेत संगीत शिकवते. मे महिन्यात सोलापुरात दुपारी पोरांना घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न घरोघरी असतो. बाग तापलेली, तलावाकाठी झळा. मग सिनेमा. थिएटरचा एसी हे जाण्याचं निम्मं कारण, हे आपण मान्य करून टाकू. उरलेल्या निम्म्याबद्दल मी बोलणार आहे.

आपल्याकडं एक जुनी सवय आहे. गाणं लागलं की उठायचं. भागवत थिएटरच्या आवारात ज्यांची तरुणपणं गेली त्यांना ठाऊक आहे, नायक-नायिका बागेत शिरले की पुरुषमंडळी चहा-बिडीला बाहेर. त्यानं फारसं बिघडतही नसे. परत येऊन बसेपर्यंत कथा होती तिथंच उभी असायची. आता बिडी गेली आणि मोबाइल आला. शिवाय आया पोरांना म्हणतात, "चल, गाणं चालू आहे तोवर सू करून येऊ." या कार्टून संगीतिकांच्या, म्हणजे गाण्यांतून गोष्ट सांगणाऱ्या कार्टून सिनेमांच्या बाबतीत ही सवय अगदी उलटी पडते. गाणं सुरू होताना मुलगी घरात रुसून बसलेली असते आणि संपतं तेव्हा तिनं घर सोडलेलं असतं. त्या तीन मिनिटांत तुम्ही पॉपकॉर्नच्या रांगेत. मग उरलेला सिनेमाभर पोराला विचारायचं, ही इथं कशी काय आली रे?

खरं तर हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत शाकुंतल रंगमंचावर आणलं, त्यात पात्रं पदातूनही बोलतात, पदातूनही भांडतात. पुढं गायकी वाढली, वन्समोअर वाढले, एकेक पद अर्धा अर्धा तास चाललं आणि कथा विंगेत ताटकळत उभी राहिली. मला स्वतःला ते वन्समोअर आवडतात, पण नाटकाला ते महागात पडले असं माझं मत आहे.

तिकडं अमेरिकेत जे झालं ते पाहा. डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 1937 चा, तोही गाण्यांचाच. मधल्या काळात ती तब्येत उतरली होती. 1980 च्या दशकात त्यांनी हॉवर्ड अॅशमन हा रंगभूमीवरचा गीतकार बोलावला. सोबत संगीतकार अॅलन मेंकन. अॅशमननं तिथल्या चित्रकारांना संगीत नाटकाचा एक साधा नियम समजावून सांगितला : सुरुवातीलाच नायिका कुठंतरी बसते आणि आपल्याला आयुष्यात काय हवंय ते गाऊन सांगते. तिला काय हवंय हे एकदा प्रेक्षकाला कळलं की तो तिच्या बाजूचा होतो. 1989 चा 'द लिटिल मरमेड' या नियमावर उभा आहे. गंमत अशी की तेच गाणं कापायचं चाललं होतं. चाचणीच्या खेळाला मुलं त्या संथ गाण्यात चुळबुळ करायला लागली, म्हणून स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग म्हणाले, काढून टाका. अॅशमन आणि चित्रकार अडून बसले, गाणं राहिलं. चुळबुळणारी पोरं फक्त आपलीच नाहीत, हे ऐकून बऱ्याच आईवडिलांना बरं वाटेल. 1991 च्या मार्चमध्ये अॅशमन वारला. त्याच वर्षी पडद्यावर आलेला त्याचा 'ब्युटी अँड द बीस्ट' हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला अॅनिमेशनपट ठरला.

आता हे बनतं कसं. गाणं आधी, चित्र नंतर. आपल्या हिंदी-मराठी सिनेमातही गाणं आधीच रेकॉर्ड होतं आणि सेटवर वाजवून नट ओठ हलवतो. इथं नटच नाही. आवाज पेटीत बंद झाला की तो ऐकत ऐकत माणूस चितारायचा. गाणारीनं ओळीच्या मधे श्वास घेतला असेल तर चित्रातल्या मुलीची छातीही तिथंच भरून यायला हवी.

सेकंदाला चोवीस चौकटी. जुन्या पद्धतीत यासाठी एक आखलेला लांब कागद असतो, त्याला एक्सपोजर शीट म्हणतात. एक आडवी ओळ म्हणजे एक चौकट. एका रकान्यात गाण्याचं कुठलं अक्षर त्या चौकटीवर पडतं ते, शेजारच्या रकान्यांत कुठलं चित्र लावायचं ते. ज्यांच्या घरी जेकार्डचे माग होते त्यांच्या डोळ्यांसमोर हा कागद लगेच उभा राहील. चादरीवरचा मोर आधी ग्राफवर चौकोन चौकोन भरून काढायचा, ग्राफच्या एका ओळीला एक कार्ड पंच करायचं आणि एका कार्डावर मागात एक आडवा धागा पडायचा. एक भोक चुकलं की मोराची मान वाकडी. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे अशा 4320 ओळी.

माझ्या विद्यार्थ्यांना मी हे तालात सांगते. बारा चौकटींना एक मात्रा धरली तर मिनिटाला 120 मात्रा. म्हणजे तीनतालाचं सोळा मात्रांचं एक आवर्तन 192 चौकटींत, बरोब्बर आठ सेकंदांत. पाऊल समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडायचं असेल तर ते कितव्या चौकटीला टेकणार, हे चित्रकाराला आधीच माहीत असतं. आज लय जरा चढली, असं तबलजीसारखं सांगून इथं सुटका नाही!

आणि मग डबिंग. चित्र तर कायमचं ठरून गेलंय, आता त्याच्यावर हिंदी किंवा तेलुगू गाणं बसवायचं. चाल तीच, अक्षरांची संख्या जवळपास तीच, आणि वर ओठांची अडचण. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटलेले आणि कानावर लांबलचक 'आ', हे तिसरीतल्या पोरालाही खटकतं. म्हणून गीतकार ओठ मिटायच्या जागी प-वर्गातलं अक्षर येईल असा शब्द हुडकत बसतो. दूरच्या दृश्यात, पाठमोऱ्या पात्रात त्याला मोकळीक. एवढं करून अर्थही जागेवर ठेवायचा. हे काम करणाऱ्यांना आपण फार कमी मान देतो. मराठीत तर असे डब क्वचितच निघतात आणि त्याची मला तक्रार आहे, पण ती पुन्हा कधीतरी.

भाषेचं म्हणाल तर सोलापूरइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. एका खेळाला माझ्या पुढच्या रांगेत शहराच्या पूर्व भागातलं एक तेलुगू कुटुंब होतं. आजी फक्त तेलुगू, सून तेलुगू-मराठी, नातू इंग्रजी शाळेतला, आणि सिनेमा हिंदीत. संवाद सुरू झाले की आजी नातवाकडं झुकायच्या, "एमन्नाडु?" काय म्हणाला तो? नातू वैतागून दोन शब्दांत सांगायचा. मागचे "शूऽऽ" करायचे. गाणं लागलं की आजींचा प्रश्न बंद. पदर सावरून ताठ बसायच्या, मांडीवर बोटानं ठेका. एका गाण्यात पडद्यावरची म्हातारी नातीला जाऊ देते, तेव्हा आजींनी नातवाचा दंड धरला, त्याच्या हातातला समोसा खाली पडला. शब्द एकही कळलेला नव्हता. नातू मात्र समोशासाठी अख्खं गाणं कुरकुरत राहिला.

तेव्हा जायचं कसं, ते सांगते. वेळेवर जा, कारण नायिकेला काय हवंय ते गाणं पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत होऊन जातं. पोरांना सू आधी करवून घ्या. घरात ज्या भाषेत जास्त भांडणं होतात त्या भाषेतला खेळ निवडा, नुसतं इंग्रजी सुधारावं म्हणून पोराला नेऊ नका. गाण्यात पोरं उठून नाचली तर शेजाऱ्यांनी दोन मिनिटं सोसावं की, त्यांचं वयच ते आहे. आणि डबिंगमध्ये गाणाऱ्या मुलीचं नाव बहुधा मूळ मंडळींची सगळी नावं सरल्यावर येतं. तोवर दिवे लागलेले असतात, झाडूवाले आत आलेले असतात, डोअरकीपर आपल्याकडं बघत असतो. बसा तेवढा वेळ. पार्किंगमधून गाडी निघायला तसाही अर्धा तास लागतो.