पहिली बिडी पुढे ढकला

(दृश्य: पहाट. रावेरजवळची केळीबाग. मोटार चालू, बांधावर काडी पेटते.)

लाईट रात्रीची असते, म्हणून पाणीही रात्रीच भरावं लागतं. रावेर-यावलच्या केळीत असो की पारोळ्याच्या कापसात, बांधावर जागणाऱ्याच्या खिशात बिडीचं बंडल असतंच. झोप येऊ नये म्हणून ओढतो, असं तो सांगतो. ते खोटं नाही. पण रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि शरीर पुढची बिडी मागतं. दिवसाउजेडी, झोप येत नसतानाही हात खिशाकडे जातो तो त्यामुळे.

बिडी छोटी, पानाची, म्हणून सिगारेटपेक्षा बरी, असं गावोगाव मानतात. तंबाखू तिच्यात कमी असते हे खरं. पण टेंभुर्णीच्या पानातून कागदासारखी हवा आत येत नाही, आणि झुरका थांबला की बिडी विझते. त्यामुळे ती जोरात आणि सारखी ओढावी लागते. निकोटिन, टार, कार्बन मोनॉक्साइड छातीत जातं ते सिगारेटइतकंच, कधी जास्तही.

आता कमी करण्याबद्दल. वीसवरून दहावर आलेला माणूस खूश असतो. पण त्याच दहा तो खोल ओढतो, धूर धरून ठेवतो, दोऱ्यापर्यंत संपवतो. शरीर आपला वाटा वसूल करतं. शिवाय दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्म्याने वाढलेला असतो, विसाव्या हिश्श्याने नव्हे. म्हणून कमी करायचं ते सोडायची तारीख ठरवूनच. दोन-तीन आठवडे पुढची तारीख धरा. घरचं लग्न किंवा ऐन कापूस वेचणीचे दिवस टाळा.

(दृश्य: बंडलाभोवती रबराने अडकवलेला कागद, त्यावर पेनने लिहिलेल्या वेळा.)

बंडलाला कागद गुंडाळा. बिडी पेटवण्याआधी वेळ लिहा आणि कारण लिहा: चहा, जेवण, कंटाळा, सोबत. तीन दिवसांत कळतं की यातल्या बऱ्याच नुसत्या सोबतीच्या आहेत. त्या आधी जातात. मग उठल्याबरोबरची पहिली बिडी दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास पुढे ढकला. इथेच गाडी अडते, कारण तिच्याशिवाय पोट साफ होत नाही ही तक्रार असते. निकोटिन आतड्याला चालना देतं, तेव्हा तक्रार खरी आहे. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्री इसबगोल, जेवणात पालेभाजी वाढवा. थोड्या दिवसांत शरीर सवय लावून घेतं.

(दृश्य: मेडिकलचं काउंटर, निकोटिन गमची पट्टी.)

बिडीची तलफ भागवायला मेडिकलमध्ये निकोटिनचा गम मिळतो. त्याने फरक पडला नाही म्हणणारे बहुतेक जण तो चुकीचा खातात. तो च्युइंगगमसारखा सलग चघळला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळते आणि तलफ तशीच राहते. सात-आठ वेळा हळू चावा. तिखटसर चव, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरा. चव गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, सरबत, थंड पेय नको. आंबटपणाने निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही.

दुसरी चूक म्हणजे दिवसाला दोन-तीनच गम. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक लागतो, निदान आठ-नऊ. पुढच्या सहा आठवड्यांत हळूहळू बंद. नेहमीचा गम 2 मिलिग्रॅमचा. उठल्यापासून अर्ध्या तासात बिडी लागणाऱ्याला 4 चा लागू शकतो, तो डॉक्टरांना विचारून. नुकताच हार्ट अटॅक आलेल्यांनी आणि गरोदर बाईने कुठलाही गम विचारल्याशिवाय घेऊ नये.

तारखेनंतरचे पहिले तीन दिवस सर्वांत जड. चिडचिड होते, झोप उडते. घरच्यांना आधी सांगून ठेवा. एकेक तलफ पाचेक मिनिटांची असते. पाणी प्या, बडीशेप तोंडात टाका, जागा सोडून चालत सुटा. आणि चहा निम्मा करा. धूर बंद झाला की चहातलं कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकतं, आणि ती धडधड लोक बिडी सुटल्याची समजतात.

हिवाळ्यातल्या भरीत पार्टीला पहिला महिनाभर जेवून लगेच उठा. बिडीऐवजी तपकीर, मिश्री, खैनी नको. निकोटिन तेच, वर तोंडाच्या कॅन्सरची भीती.

जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीसाठी समुपदेशन मिळतं. 1800-11-2356 ही तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सरकारी क्विटलाइन फुकट आहे, तोच नंबर पाकिटावरही छापलेला असतो.

मध्येच एखादी ओढली गेली, तर उरलेलं बंडल पाण्यात बुडवा. तारीख बदलू नका, गम त्याच वेळेला चालू ठेवा आणि ती कुणासोबत, कुठे ओढली ते कागदावर लिहा. पुढच्या वेळी तीच जागा टाळायची आहे.