टाकीची तोटी

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात 14 नोव्हेंबर झाला. नाशिकच्या शाळाशाळांतून फुगे लागले, पोरांना चॉकलेटं वाटली, आणि प्रत्येक भाषणात कुणी ना कुणी म्हणालंच असेल, "मुलं म्हणजे देवाघरची फुलं." जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म गेला माझा, आणि हे वाक्य मला कधी पटलं नाही. फुलं बोलत नाहीत ना, म्हणून ती आपल्याला आवडतात. मूल बोलतं. उलट बोलतं. "का?" म्हणून विचारतं, आणि नेमकं पाहुण्यांसमोर विचारतं. फुलाला पाणी घातलं, वेळ आली की तोडलं, देवाला वाहिलं, झालं. फुलाला कुणी हक्क देत नाही.

आज 20 नोव्हेंबर. 1989 साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांची संहिता मंजूर केली, आणि 1992 च्या डिसेंबरात भारताने ती स्वीकारली. तिच्यात 54 कलमं आहेत, सगळी वाचून दाखवणार नाही, घाबरू नका. 18 वर्षांच्या आतला प्रत्येक जण मूल, हे एक लक्षात ठेवा. आणि ढोबळमानाने हक्क चार. जगण्याचा, संरक्षणाचा, विकासाचा आणि सहभागाचा. पुन्हा सांगतो, जगणं, संरक्षण, विकास, सहभाग. पहिले तीन घरोघरी माहीत आहेत. लस टोचून घ्या, मारू नका, शाळेत घाला. आपली गाडी अडते ती चौथ्यावर. बारावं कलम म्हणतं, मुलाच्या बाबतीत काही ठरवायचं असेल तर त्याला त्याचं मत मांडू द्या, आणि त्याचं वय नि समज बघून त्या मताला वजन द्या. पोर म्हणेल तसंच करा, असं ते म्हणत नाही. ऐकून घ्या, म्हणतं.

आता हे मला कसं कळलं ते सांगतो. पुस्तकात वाचून नाही कळलं.

गिरणाऱ्याच्या पलीकडे, हरसूलच्या अंगाला माझी शाळा होती. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे खिचडीची शेड. शाळेत तक्रारपेटी लावा, असं परिपत्रक आलं. परिपत्रक आलं की आम्ही मास्तर लोक आधी सुस्कारा सोडतो आणि मग काम करतो. बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेतला, छिन्नीने झाकणाला फट पाडली, घरच्या ट्रंकेचं जुनं कुलूप लावलं. आणि टांगला कुठे? ऑफिसच्या दाराला, माझ्या खुर्चीसमोर, माझ्या छातीच्या उंचीवर. शनिवारी उघडला, रिकामा. पुढच्या शनिवारी उघडला, त्यात गोळीचा एक कागद आणि बोराची बी. मी वर लिहून पाठवलं, "तक्रार निरंक."

आमच्याकडे खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. शाळा चौथीत सुटलेली, पण नजर अशी की डाळीतला खडा लांबून दिसावा. त्या म्हणाल्या, "गुर्जी, तुमच्या तोंडापुढं तुमचीच तक्रार कोन टाकंल?" मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. मावशींनी डबा काढला आणि शेडच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला, चुलीच्या उंचीला. तिथे पोरं तशीही ताटली घेऊन रांग लावायची, त्यामुळे कोण काय टाकतंय ते कुणाला कळायचं नाही.

त्या शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. या समितीत चारात तीन जण पालक असावेत असा कायदाच आहे, आणि आमच्याकडे पालक खरोखर यायचे, एवढं कौतुक करू द्या. सरपंच आले होते. त्यांच्या देखत मी कुलूप काढलं. मनात म्हटलं, निरंक. तर आत दोन कागद.

पहिला कागद रेघोट्यांच्या वहीचा. अक्षर वाकडं केलेलं, ओळखू येऊ नये म्हणून. "गुरुजी खेळाच्या तासाला गणित घेतात."

मीच वाचला, मोठ्याने. पालक छताकडे बघायला लागले. सरपंच म्हणाले, "लहान तोंडी मोठा घास." खरं सांगतो श्रोतेहो, माझा पहिला विचार हा, की हे अक्षर कुणाचं? संध्याकाळी घरी चौथीच्या वह्या घेऊन बसलो. वेलांट्या ताडून बघत होतो. बायकोने चहा ठेवला आणि म्हणाली, "अहो, चोर कसला शोधताय, तास परत द्या." एकतिसावं कलम तिला माहीत नव्हतं. मुलाला विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क आहे, असं ते कलम सांगतं. सोमवारपासून खेळाचा तास सुरू झाला.

(इथे एक सांगून घेतो. गंगापूर रोडला संध्याकाळी सातला उभं राहून बघा, पाठीवर दप्तर घेऊन तिसऱ्या क्लासला निघालेली पोरं. त्यांच्यासाठी तक्रारपेटी टांगायची तर ती घराघरात टांगावी लागेल. असो.)

पण गोष्ट दुसऱ्या कागदाची आहे.

त्यावर अक्षर एकही नव्हतं, चित्र होतं. तेलकट खडूने काढलेला मोठा काळा गोल. गोलाला डाव्या बाजूने एक वाकडी शेपटी. शेपटीच्या खाली, बरंच खाली, एक रेघांचं माणूस, हात वर केलेलं. बस्स. बैठकीत कागद फिरला. सरपंच म्हणाले, "महादेवाची पिंड आहे, अभिषेक चाललाय." एक पालक म्हणाले, "साप आहे, शाळेत साप निघाला असणार." लगेच दोघांनी काठी घेऊन मागच्या बाजूला फेरी मारली. मी म्हटलं, हत्ती असेल. शेवटी चहाचे ग्लास न्यायला मावशी आल्या. एक नजर टाकली.

"आवो, ही आपल्या टाकीची तोटी हाये."

शाळेला पाण्याची काळी टाकी होती, देणगीत मिळालेली. विटांच्या चौथऱ्यावर बसवलेली, चार तोट्या एका ओळीत. टाकीवर पांढऱ्या रंगात ठसठशीत "सौजन्य" आणि दात्याचं नाव. उद्‌घाटनाला नारळ मीच फोडला होता. दोन वेळा तपासणी झाली होती, शेऱ्यात "पिण्याच्या पाण्याची सोय उत्तम." सगळे तसेच उठलो आणि टाकीपाशी गेलो. पहिलीतली एक मुलगी तिथेच खेळत होती. तिला म्हटलं, "बाळा, पाणी पिऊन दाखव." तिने टाचा उंचावल्या. हात वर केला. बोटांची टोकं आणि तोटी यांच्यात वीतभर अंतर राहिलं.

वीतभर. पहिलीची पोरं मोठ्यांच्या मिनतवाऱ्या करून पाणी प्यायची, नाहीतर मावशींकडे मागायची, नाहीतर घरी जाईपर्यंत तशीच राहायची. मी मावशींना म्हटलं, "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाये." लहान तोंडी मोठा घास म्हणणारे सरपंच गप्प उभे होते. लहान तोंडाला इथे साधा घोट मिळत नव्हता.

उपाय किती मोठा? एका पालकाच्या घरी अर्धी गोण सिमेंट उरलं होतं, ते स्वतः गवंडी. रविवारी दुपारी टाकीपुढे दोन पायऱ्यांचा ओटा झाला. सरपंच म्हणाले, त्यावर काहीतरी लिहू या, सौजन्य वगैरे. मी हात जोडले. नाशिकमध्ये आता बाकावर नाव, झाडाच्या जाळीवर नाव, बसथांब्यावर नाव. बसणाऱ्याचं कुठेच नाही, देणाऱ्याचं सगळीकडे. तो ओटा बिननावाचा राहिला.

चित्र कुणी काढलं ते मी विचारलं नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे, पेन्शनच्या फायलीत.

वेळ बराच गेला, आता भराभर सांगतो. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण. जन्मदाखला नाही, जुन्या शाळेचा दाखला नाही, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पुन्हा सांगतो, दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात उभ्या असलेल्यांनी आणि त्यांना कामावर नेणाऱ्यांनी, दोघांनीही ऐकावं. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षांच्या कामाला माणसं येतात, त्यांच्याबरोबर लेकरं येतात आणि बागेच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळत बसतात. बागाईतदारांनो, जवळच्या शाळेत नुसतं कळवा, बाकी शाळा बघेल. आणि ते मूल कोकणी या आपल्या आदिवासी बोलीत बोललं तर मास्तरांनी त्याला "नीट बोल" म्हणू नये. ते नीटच बोलत असतं, आपल्याला कळत नसतं. शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही याच कायद्याने बंदी आहे. "छडी लागे छमछम" मीही ऐकत वाढलो, पण छडीने पाढे पाठ होतात हे मी माझ्या वर्गात कधी पाहिलं नाही. भीती तेवढी पाठ होते.

14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे. हॉटेल, गॅरेज, वीटभट्टी, कुठेही. शाळा सांभाळून घरच्या कामात मदत चालते, पण त्या सवलतीच्या आडून धंदा चालत नाही. 14 ते 18 मधल्यांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. आणि हे लांबचं समजू नका. 2022 साली आपल्याच इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला बाहेर दिल्याचं उघड झालं. बदल्यात घरी थोडे पैसे, एखादी मेंढी. त्यातली एक मुलगी दगावली, तेव्हा आपण पेपरात वाचलं. त्या मुलांना जाताना कुणी विचारलं असेल का, तुला जायचंय का म्हणून?

असं काही दिसलं, मूल राबताना, मार खाताना, लहानपणी लग्न लावलं जाताना, किंवा एकटंच सीबीएस बसस्थानकावर भेदरून बसलेलं, तर फोन करा 1098. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. मूल स्वतःसुद्धा करू शकतं. घरातल्या पोरांना हा नंबर पाठ करून घ्या, पाढ्यांच्या आधी केलात तरी चालेल. आणि मुलाचं नाव, फोटो गावभर फिरवू नका. मदतीच्या नावाखालीही नाही.

काचेपलीकडून मला थांबायची खूण होतेय. नंबर परत सांगतो, लिहून घ्या. एक, शून्य, नऊ, आठ. आणि आज घरात पाण्याचा माठ किती उंचीवर ठेवलाय, ते तेवढं बघून घ्या. नमस्कार.