निळ्या पडद्यावरची पट्टी

सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचा सौदा नुकताच आटोपलाय. अडत दुकानात गादीच्या मागे हा संगणक. निळा पडदा, पांढरी अक्षरं. माउस नाही. दिवाणजी शेतकऱ्याचं नाव टाकतात, गाव, पोती, वजन, दर. हमाली, तोलाई आपोआप वजा. कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं, नोंद झाली. प्रिंटर करकरू लागतो.

ही पट्टी, शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाची. सगळी मराठीत.

हा प्रोग्रॅम फॉक्सप्रो 2.6 मधला, डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालणारा. फॉक्सप्रो म्हणजे नोंदी ठेवणारे प्रोग्रॅम लिहायची भाषा. ती मूळची अमेरिकेतल्या फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीची. 1992 साली मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी विकत घेतली. महाराष्ट्रात पतपेढ्या, साखर कारखाने, अडत दुकानं, कितीतरी ठिकाणचे हिशेब याच भाषेत बसले. साध्यातल्या साध्या मशीनवर चालायची आणि हजारो नोंदींतून हवं ते खातं झटकन काढून द्यायची. गावातला एखादा हुशार मुलगा दुकानात बसून, दिवाणजींना विचारत विचारत प्रोग्रॅम लिहायचा. म्हणूनच हा प्रोग्रॅम दिवाणजींच्या हाताला इतका बसलाय.

आता मशीनचं झाकण काढलंय. आतलं हे लांबट कार्ड म्हणजे जिस्ट कार्ड, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं. डॉसला देवनागरी येत नव्हती, ती या कार्डानं पडद्यावर आणली. या कामाची सुरुवात आयआयटी कानपूरमध्ये झाली होती. कार्ड बसतं आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या खाचेत. आजच्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो.

डॉसवरची फॉक्सप्रो 1994 च्या 2.6 वरच थांबली. पुढची व्हिज्युअल फॉक्सप्रो विंडोजसाठी होती. मार्च 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, नववी आवृत्ती शेवटची. जानेवारी 2015 मध्ये तिचाही आधार संपला.

शेजारच्या टेबलावर त्याहून वेगवान मशीन. तोच प्रोग्रॅम सुरू केला आणि पडद्यावर आलं, ‘डिव्हाइड बाय झिरो’. सुरू होतानाच फॉक्सप्रो मशीनचा वेग मोजते. प्रोसेसर इतका वेगवान, की मोजलेला वेळ शून्य भरतो आणि त्यानं भागाकार होत नाही. यावर दुरुस्ती निघाली होती. पण 64 बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम मुळात सुरूच होत नाहीत.

गेल्या हंगामात ऐन सौद्यात वीज गेली, इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडला, आणि दोन दिवस पट्ट्या हातानं लिहाव्या लागल्या.

ही त्या दिवसाची वही.

कपाटात आहे ती फक्त चालणारी फाइल. दुरुस्तीला लागतात त्या पीआरजी फाइल, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅम. तो लिहिणाऱ्याकडेच राहिला, आणि लिहिणारा गाव सोडून गेला. ज्यानं पैसे मोजले त्याच्या तिजोरीत पीआरजीची प्रत असलीच पाहिजे. प्रोग्रॅम घेताना ही प्रत मागून घ्या, पैसे चुकते करण्याआधी.

नोंदी ज्यात साठतात ती डीबीएफ फाइल मात्र कुलूपबंद नाही. लॅपटॉपवर घेतली, एक्सेलमध्ये उघडली. वजन बरोबर, दर बरोबर. नावांच्या जागी मात्र निरर्थक चिन्हं, कारण ती अक्षरं इस्की या संकेतात साठवलेली आहेत, 1991 च्या भारतीय मानकाप्रमाणे. इस्कीतून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या संकेतात न्यायची कोष्टकं तयार आहेत. मशीन चालू आहे तोवर हे काम एका दुपारचं.

दिवाणजी चष्मा पुसून लॅपटॉपपाशी येतात. गावाचा रकाना. पहिली ओळ, तासगाव. दुसरी, मिरज. ते बोट ठेवून खाली खाली वाचत जातात.