बोटीची टाकी फुटलेली नाही, तरी डिझेल कुठून गळतं?

(काठावर उभं राहून, मागे पाणी)

राम राम मंडळी. सकाळचे साडेसहा झालेत. पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर आहे. ही बोट मच्छी गोळा करत फिरते. डिझेल इंजिन, शंभर लिटरची पत्र्याची टाकी. आता जरा इकडं या. कॅमेरा जवळ घे रे. बोटीच्या अंगावरून हा काळपट ओघळ खाली उतरलाय, दिसला? वर बघा, जिथून सुरू झालाय तिथं बोटाएवढा पाइप आहे. हा टाकीचा हवेचा पाइप. कुणी ब्रीदर म्हणतं, कुणी व्हेंट. आजचा सगळा विषय या एका पाइपाचा आहे.

मागच्या एप्रिलात मालकाचा दुपारी फोन आला, "दादा, टाकी फुटली वाटतं, डिझेल गळू लागलंय." मी आलो. टाकी रिकामी केली, सांधे तपासले, साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का पाहिलं. कुठं काही नाही. अर्धा दिवस गेला. मग विचारलं, डिझेल कधी भरलं? म्हणाले, "पहाटेच, पार गळ्यापर्यंत. सारखं सारखं कोण भरत बसणार?" तिथं उत्तर सापडलं.

डिझेल तापलं की फुगतं. शंभर लिटर डिझेल वीस अंशांनी तापलं की दीड लिटरपेक्षा जास्त वाढतं. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पहाटे गार असलेला हा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. त्यात इंजिनाची भर. डिझेल इंजिन टाकीतून घेतलेलं सगळं तेल जाळत नाही, उरलेलं रिटर्न लाइनने परत टाकीत सोडतं, आणि ते गरम होऊन येतं. आता गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीत हे वाढलेलं दीड लिटर जाणार कुठं? या पाइपातूनच बाहेर येणार. त्यात लाट आली, बोट एका अंगाला कलली, की आणखी येणार.

म्हणून टाकी कधीही काठोकाठ भरायची नाही. शंभराची असेल तर नव्वदवर थांबायचं. ती दहा लिटरची जागा रिकामी दिसते, पण ती तापलेल्या डिझेलची जागा आहे. मी या टाकीसाठी लाकडी काठी करून दिलीय. टाकी पूर्ण रिकामी करून दहा-दहा लिटर मोजून ओतलं आणि प्रत्येक वेळी काठीवर खाच पाडली. नव्वदच्या खाचेला लाल रंग. एवढं काम एकदाच करावं लागतं.

(टाकीजवळ बसून)

आता भरून दाखवतो. आवाज ऐका. तुमच्या घरी नळाखाली घागर लावली की आई आतल्या खोलीतून सांगायची ना, "भरत आली, नळ बंद कर"? न बघता कसं कळायचं? घागर भरत आली की आवाज बारीक होत जातो. टाकीचंही तसंच आहे. एक हात कॅनवर, दुसऱ्या हाताचा तळवा हवेच्या पाइपासमोर धरा. हवा लागतेय तोवर आत जागा आहे. हवेबरोबर गुडगुड आली, थेंब उडाला, की हात आवरा. खरं तर त्याच्या आधीच आवरायला हवा होता. घाई करू नका. जोरात ओतलं की डिझेलला फेस येतो, आणि फेस डिझेलच्या आधी पाइपात चढतो.

सुट्या कॅनमध्ये किंवा उचलता येणाऱ्या टाकीत भरायचं असेल तर ती सरळ काठावर आणा, पाण्यापासून लांब ठेवून भरा.

आता एक चूक, आणि ती मी या काठावर पाहिलेली आहे. एका पोराने गळतंय म्हणून या पाइपाला लाकडी बूच ठोकलं. गळणं थांबलं. पण बोट मध्यावर गेल्यावर इंजिन धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं. इंजिन डिझेल ओढतं, तेवढी हवा आत यायला नको का? आली नाही, टाकीत पोकळी झाली, पंपाला तेल ओढवेना. बूच काढलं तेव्हा सुस्स करून हवा आत शिरली आणि इंजिन पुन्हा सुरू झालं. वारा असता तर काय झालं असतं, विचार करा. हा पाइप टाकीचं नाक आहे. नाक पुसायचं, दाबायचं नाही. आणि अधूनमधून आत बघायचं. कुंभारीण माशी यात मातीचं घर करते. मग भरताना हवेला वाट मिळत नाही आणि डिझेल नरसाळ्यातून उलटं तुमच्या अंगावर येतं. तोंडाला बारीक जाळी लावा.

पाइप कसा नेलाय तेही महत्त्वाचं. ही पारदर्शक नळी घेतलीय. मध्ये अशी झोळी पडू दिली. थोडं डिझेल आलं की ते झोळीत बसतं, परत टाकीत जात नाही. मागून हवा आली की, हे बघा, सगळा घोट एका दमात बाहेर. आता नळी ताणून चढती केली. आलेलं डिझेल आपोआप मागे टाकीत उतरतं. तर टाकीपासून पाइप सतत चढता न्या, जमेल तितका उंच, आणि वर छत्रीच्या मुठीसारखा वळवून तोंड खाली करा, म्हणजे पाऊसही आत जाणार नाही. या बोटीत दोन ठिकाणी झोळी होती. दोन क्लिपा मारल्या, संपलं.

दोन टाक्या असतील तर एक गोष्ट नक्की बघा, कारण ही आम्ही मेकॅनिक लोकसुद्धा विसरतो. इंजिन डावीकडच्या टाकीतून तेल घेतंय आणि रिटर्न उजवीकडे सोडतंय असं झालं, तर उजवी टाकी चालता चालता भरत जाते आणि ओसंडते. तेल जिथून घेता, रिटर्नचा कॉकही तिकडेच हवा.

(हातात दोन वाट्या)

एवढं करूनही थेंबभर आलंच तर? इथं आपल्या मराठवाड्याकडं एक छान वस्तू आहे. या दोन्ही वाट्यांत पाणी आणि वर चमचाभर डिझेल. एकात औषधाच्या दुकानातला कापूस टाकतो. बघा, पाणी पिऊन तळाला गेला. दुसऱ्यात शेतातला कच्चा कापूस, सरकी काढलेला, बाकी काही केलेलं नाही. तरंगतोय. आणि तवंग कसा ओढून घेतोय बघा. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो, तो पाण्याला दूर ठेवतो आणि तेलाला धरतो. दुकानातल्या कापसाचा तो थर धुऊन काढलेला असतो. भाव न मिळालेली कवडी, म्हणजे हलक्या प्रतीचा कापूस, घरात पडली असेल तर मूठभर जाळीच्या पिशवीत बांधा आणि भरताना पाइपाच्या तोंडाखाली टांगा. मोकळी टांगायची, तोंडात कोंबायची नाही. भिजला की झाकणाच्या डब्यात, विस्तवापासून लांब.

आणि कृपा करून तवंगावर साबण ओतू नका. डोळ्यांना दिसेनासा होतो, पण डिझेल कुठं जात नाही, बारीक होऊन पाण्यात मिसळतं. मग ते कापसानेही निघत नाही. मला याचं फार लागतं, कारण हे पाणी १९७६ पासून इथं अडतंय, छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या नळाला हेच जातं. हिवाळ्यात इथं उथळ पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात, हे पक्षी अभयारण्य आहे. माझी आजी याच पाण्याला हात जोडूनच ओंजळ भरायची.

(त्याच दिवशी दुपारी, तीच जागा)

अडीच वाजलेत. बोट दोन फेऱ्या मारून आलीय. पत्र्याला हात लावतो… नाही, लावता येत नाही. काठी घालू. सकाळी लाल खाचेवर भरलं होतं, जळूनसुद्धा पातळी फार खाली गेलेली नाही, फुगलंय ना. आता पिशवी सोडतो. हा कापूस. जवळ घे. पांढरा आहे, कोरडा आहे.