सॅट दुसऱ्यांदा: कधी द्यावी, कधी सोडावी

पालकहो आणि मुलांनो,

सॅटचे, म्हणजे अमेरिकेतल्या पदवी प्रवेशासाठीच्या परीक्षेचे, ऑगस्टचे निकाल लागले की पणजीपासून काणकोणपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो: '१६००पैकी १४२० आलेत, परत देऊ का?' प्रश्न अर्धाच आहे. कुठल्या विद्यापीठासाठी, कुठल्या विभागात किती, आणि अर्जाची तारीख कधी, एवढं कळल्याशिवाय हो किंवा नको म्हणता येत नाही.

आधी विद्यापीठ बघू. अमेरिकेतली बहुतेक मोठी विद्यापीठं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाची माहिती प्रसिद्ध करतात. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द एकत्र शोधा, फाइल सापडते. तिच्यातला सी-९ हा भाग उघडा. प्रवेश घेतलेल्या मुलांचे २५ आणि ७५ पर्सेंटाइलचे गुण, म्हणजे ज्यांच्या खाली २५ आणि ७५ टक्के मुलं असतात ते, तिथे विभागवार दिलेले असतात. तुम्ही २५च्या खाली असाल तर पुन्हा बसण्याचा विचार रास्त. ७५च्या वर असाल तर तो वेळ निबंधांना द्या. मधे असलात की गोची होते. परदेशी अर्जदारांची चाळण बारीक असते, आर्थिक मदत मागणाऱ्यांची तर बहुतेक ठिकाणी आणखी बारीक, म्हणून आपल्या मुलांनी वरच्या टोकाकडे बघावं असं माझं मत. एक सावधगिरी मात्र घ्या. जिथे गुण देणं ऐच्छिक आहे तिथले आकडे फुगलेले असतात, कारण कमी गुण पडलेली मुलं ते पाठवतच नाहीत.

बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा प्रवेश ठरवताना सॅट बघतच नाहीत. यादीत फक्त त्याच असतील तर दुसऱ्यांदा भरलेली फी पाण्यात. उलट एमआयटीने २०२२मध्ये परीक्षेची अट परत आणली. डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी तशी घोषणा २०२४मध्ये केली. येललाही परीक्षा हवी, पण तिथे सॅटऐवजी एपी किंवा आयबी या शालेय स्तरावरच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांचे गुण चालतात.

आता गुणांकडे येऊ. कुठल्याही परीक्षेत मोजमापाची चूक असते. सॅटच्या एकूण गुणांत ती साधारण ४० गुण वरखाली धरतात. म्हणजे तयारीत काहीही न बदलता तोच १४२०वाला मुलगा पुढच्या महिन्यात १३९० आणेल किंवा १४५०. त्यामुळे '१४८०चे १५०० करायचे आहेत' हे कारण मला पटत नाही. त्या वीस गुणांसाठी बारावीचा महिनाभर अभ्यास मागे पडतो.

पुन्हा बसायचंच असेल तर नेमकं काय बिघडलं ते नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. परीक्षा आता संगणकावर आहे. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत, गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत. प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात, आणि पहिला कसा गेला यावर दुसरा सोपा की कठीण हे ठरतं. सोपा मिळाला की तो कितीही चांगला सोडवला तरी त्या विभागाचे गुण एका मर्यादेपुढे जात नाहीत. आपली हुशार मुलं फसतात ती इथेच. गणिताच्या पहिल्या भागात २२ प्रश्न ३५ मिनिटांत असतात, ती २२ मिनिटांत संपवतात, चार चुका घाईत करून बसतात, आणि वरची दारं बंद होतात. हा दोष असेल तर पुन्हा जरूर बसा, कारण तो तीन आठवड्यांत सुटतो: पहिल्या भागाची सगळी मिनिटं वापरायची, परीक्षेतच मिळणाऱ्या डेस्मॉस कॅल्क्युलेटरच्या आलेखावर उत्तर पडताळायचं, आणि चुकीला वेगळे गुण कापले जात नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

निकालपत्रात आठ विषयक्षेत्रांच्या पट्ट्या दिसतात. बीजगणित आणि प्रगत गणित ही दोन क्षेत्रं मिळून गणिताचे ७० टक्के प्रश्न येतात. तिथली पट्टी अपुरी असेल तर सुधारणेला वाव मोठा. व्याकरणाची पट्टी अपुरी असली तरी चिंता नको. स्वल्पविराम, अर्धविराम, कर्ता-क्रियापदाचा मेळ, नियम मोजकेच आहेत. मात्र 'क्राफ्ट अँड स्ट्रक्चर', म्हणजे शब्दार्थ आणि उताऱ्याची घडण, इथे कमी असाल तर महिन्याभरात फार हलत नाही. ते वर्षानुवर्षांच्या वाचनाचं काम. निर्णयाआधी ब्लूबुक या परीक्षेच्या अधिकृत अ‍ॅपमधल्या, आधी न पाहिलेल्या दोन सराव परीक्षा घड्याळ लावून सोडवा. दोन्हींत जुन्या गुणांपेक्षा साठेक जास्त आले तर नाव नोंदवा.

बरीच विद्यापीठं सुपरस्कोअर करतात, म्हणजे प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण वेगवेगळ्या तारखांतून उचलतात. तिथे फक्त गणिताची तयारी करून बसलात तरी चालतं, वाचनाचे जुने गुण जात नाहीत. बहुतेक ठिकाणी कुठल्या तारखेचे गुण पाठवायचे तेही तुमच्या हातात असतं. जॉर्जटाऊनसारखं एखादं विद्यापीठ मात्र सगळे निकाल मागतं. तिथे चार-पाच वेळा बसल्याचं दिसतं, आणि ते शोभत नाही.

तारखांचं म्हणाल तर, अर्लीचे, म्हणजे लवकरच्या फेरीचे, बरेच अर्ज १ नोव्हेंबरला बंद होतात आणि निकालाला साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा अर्लीसाठी ऑक्टोबरची परीक्षा शेवटची धरा. ऑगस्टला दुसऱ्यांदा बसणं सगळ्यात सोयीचं, फक्त आपल्याकडे ते पावसात आणि चवथीच्या तोंडावर येतं. जवळ जागा मिळाली नाही आणि पुणे-मुंबई गाठायची वेळ आली, तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं आणि गाड्या हळू असतात हे विसरू नका. परीक्षा शनिवारी सकाळी असते, तेव्हा गुरुवारी रात्री निघा. शुक्रवार हाताशी राहू दे. सोबत मूळ पासपोर्ट घ्या, मोबाईलवरचा फोटो चालत नाही. आणि नोंदणीतलं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे एकाच घरात नाईक हे आडनाव जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाने आणि आधारवर इंग्रजी वळणाने लिहिलेलं सापडतं. हे दारात उभं राहून सुटत नाही.

इंग्रजीच्या परीक्षेचं थोडक्यात: संगणकावर दिलेल्या आयईएलटीएसमध्ये वाचन, लेखन, श्रवण, संभाषण यांपैकी एकच कौशल्य ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतं. फक्त आपलं विद्यापीठ तसा निकाल मान्य करतं का, हे त्यांना ईमेल करून आधी विचारा.

एक चिठ्ठी आली आहे: 'मुलगी बारावीत आहे, डिसेंबरमध्ये कमी आले, मार्चमध्ये बसवू का?' यंदाच्या प्रवेशासाठी नको. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच येते, आणि मार्चचे गुण लागेपर्यंत बहुतेक विद्यापीठांचे निर्णय झालेले असतात. एक वर्ष थांबून पुढच्या वर्षी अर्ज करायचं ठरलं असेल, तर मार्चही सोडा आणि बोर्ड संपल्यावर मे किंवा जूनची तारीख घ्या.